रँग्लर परांजपे आणि केंब्रिजची ती यादी

नमस्कार श्रोतेहो.

केंब्रिजमध्ये सिनेट हाउस नावाची फिकट दगडाची एक देखणी इमारत आहे. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा, म्हणजे तिथल्या पदवी परीक्षेचा, निकाल तिथे सज्जातून वाचून दाखवत, आणि तोही क्रमाने. पहिल्या वर्गात आले ते रँग्लर आणि त्यांच्यातला पहिला तो सीनियर रँग्लर. इंग्लंडमध्ये या माणसाचं कौतुक वर्तमानपत्रांतून होई. १८९९ साली हा मान दोघांना विभागून मिळाला. एक जॉर्ज बर्टविसल आणि दुसरे सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. वय तेवीस. गाव दापोली तालुक्यातलं, आंजर्ल्याशेजारचं मुर्डी.

भारतीय रँग्लर त्याआधीही झाला होता. आनंदमोहन बोस १८७४ साली झाले. पण पहिला नंबर? राज्यकर्त्यांच्या देशात, राज्यकर्त्यांच्याच परीक्षेत कोकणातला पोरगा पहिला आला, याचं त्या काळी काय वाटलं असेल ते सांगायला नकोच. आपल्याकडे तर रँग्लर हे बिरुद रावबहादूरसारखं नावाला कायमचं चिकटलं. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. त्यांची पाळण्यातली नावं पटकन आठवणारे थोडेच.

मला मात्र या गोष्टीतला निकालानंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो. परांजप्यांना शिक्षणासाठी हात दिला होता तो त्यांच्या नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी, म्हणजे पुढच्या महर्षींनी. केंब्रिजला ते गेले सरकारी शिष्यवृत्तीवर. सीनियर रँग्लर झाल्यावर कॉलेजची फेलोशिपही मिळाली. तिथेच राहिले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण हे गृहस्थ पुण्याला आले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि १९०२ साली, म्हणजे सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. आजीव सदस्याचा पगार म्हणजे हातातोंडाची गाठ पडेल एवढाच. तरी दोन दशकं त्यांनी कॉलेज चालवलं आणि गणित शिकवलं. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही परांजपेच.

तिकडे केंब्रिजमध्ये त्या यादीचं काय चाललं होतं, तेही ऐकण्यासारखं आहे. परांजप्यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ला, चौथा रँग्लर झाला होता गॉडफ्रे हॅरल्ड हार्डी. चौथा नंबर सलत होता म्हणा किंवा खरीच चीड होती म्हणा, हार्डी या परीक्षेवर जन्मभर उखडलेले राहिले. त्यांचं म्हणणं असं की घोकून घोटून सोडवायची गणितं म्हणजे गणित नव्हे. बदल मागणारे इतरही होते. अखेर १९०९ साली क्रमवार यादी शेवटची वाचली गेली. त्या वर्षी सन्मान-यादीत तळाला आलेल्या विद्यार्थ्याला, प्रथेप्रमाणे, सज्जातून दोरीने खाली सोडलेला लाकडी चमचा मिळाला. चमचा कसला, होडीचं वल्हंच ते! आणि तो विद्यार्थी होता परांजप्यांच्याच सेंट जॉन्सचा. एकाच कॉलेजात दहा वर्षांच्या अंतराने पहिला आणि शेवटचा. कॉलेजने अभिमान कशाचा जास्त बाळगला, कोण जाणे.

पुढे याच हार्डींनी १९१४ साली मद्रासहून बोलावून घेतलं ते श्रीनिवास रामानुजन यांना. इंटरच्या आसपासच अडकलेला, परीक्षांत नापास झालेला कारकून. त्याला १९१८मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं आणि केंब्रिजच्याच ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिपही. परांजपे परीक्षेने मोजले गेले; रामानुजन परीक्षेत कधी मावलेच नाहीत. दोघांनाही केंब्रिजने आपलं म्हटलं, हे त्या विद्यापीठाच्या पदरात टाकायलाच हवं.

पण पदराचं दुसरं टोकही पाहू. परांजप्यांची मुलगी शकुंतला न्यूनम कॉलेजात राहून तोच गणिताचा ट्रायपॉस उतरली, १९२९ साली. अभ्यास तोच, परीक्षा तीच. पण पूर्ण पदवी? केंब्रिजने बायकांना ती द्यायला १९४८ उजाडवलं. बापाचं नाव जिथे पहिल्या मानाने पुकारलं गेलं, तिथे लेकीला नावापुरत्या पदवीवर भागवावं लागलं. शकुंतलाबाई त्यावर रडत बसल्या नाहीत. संततिनियमनाच्या प्रचाराला त्यांनी वाहून घेतलं. त्या काळी या विषयाचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवत. आणि या कामात त्यांच्या आधी उतरलेले होते र. धों. कर्वे, म्हणजे महर्षींचेच चिरंजीव. दोन घरांचा ऋणानुबंध असा दुसऱ्या पिढीतही राहिला.

नारळीकरांची गोष्ट आपल्या ऐकण्यात असेलच. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजचे रँग्लर, मग काशीला हिंदू विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचे चिरंजीव जयंतराव त्याच वाटेने केंब्रिजला गेले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी विश्वरचनेवर काम केलं. १९७२मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. तिथल्या अंगणात आर्यभट आणि न्यूटन दोघांचेही पुतळे आहेत. पुण्याला गेलात तर जरूर बघून या.

आणि एक अशी कडी, जी केंब्रिजला कधी गेलीच नाही. फर्ग्युसनमध्ये विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजप्यांच्या नावाचं पारितोषिक होतं. १९२७ साली ते मिळालं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना. पुढे कापरेकर देवळालीला शाळामास्तर झाले, ते निवृत्तीपर्यंत. बीएस्सीच्या पुढे शिक्षण नाही, हाताशी संशोधनाची प्रयोगशाळा नाही, मोठमोठे गणिती त्यांच्या अंकांच्या खेळांना नाकं मुरडत. त्यांचा एक शोध आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कागद-पेन्सिल घ्या. ज्यात सगळे अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्या. आपण ते १९०९ सालच घेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९९१०, चढत्या क्रमाने ०१९९. वजाबाकी ९७११. पुन्हा तसंच करा, ९७११ वजा ११७९, ८५३२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८. उत्तर येतं ६१७४. आता संख्या तुमच्या मनाने बदला. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४वरच येऊन थांबाल.

नमस्कार.