पकडला जाण्याआधी

(दृश्य : डोंगरी, मुंबई. उंच दगडी भिंत, बंद दार.)

हा डोंगरीचा जुना तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले ते इथेच. आता इथे मुलांचं निरीक्षणगृह आहे. गुन्ह्याच्या आरोपावरून पोलिसांनी ताब्यात घेतलेली, अठरा वर्षांखालची मुलं इथे ठेवली जातात.

त्यांचं जेवण, कपडे, पहारा, बाल न्याय मंडळापुढच्या तारखा, सगळ्याला सरकारी पैसा लागतो. तो लागायलाच हवा. आम्हाला विचारायचं आहे ते त्याआधीच्या वर्षांबद्दल : पोर पकडलं जाण्याआधी त्याच्या घरापर्यंत सरकारी पैसा वेळेवर का पोचत नाही?

पकडलेलं पोर म्हणजे बेवारस, रस्त्यावरचं, असं आपण धरून चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे तसं सांगत नाहीत. ताब्यात घेतलेल्या दहा मुलांपैकी आठांहून जास्त मुलं आईवडिलांजवळ राहत असतात. बहुतेकांचं वय सोळा ते अठरा.

(दृश्य : वस्तीतली गल्ली, सकाळची पाण्याची वेळ.)

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील वारले. आई चार घरची धुणीभांडी करते. नववीतला मुलगा आधी शाळेला दांड्या मारतो, मग गॅरेजवर लागतो. हातात नोटा खेळवणारा वस्तीतला भाई अशाच पोरांवर नजर ठेवून असतो.

या आईला मुलाला घरीच सांभाळता यावं, यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत महिन्याला २२५० रुपये. २०२३ पर्यंत ही रक्कम ११०० होती.

त्यासाठी काय काय लागतं? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर उभं राहून काढलेला आई-मुलांचा एकत्र फोटो. मग गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश. एकेका कागदापायी आईचा खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आदेश निघाला तरी अनुदान महिनोन्‌महिने रखडतं, ही तक्रार राज्यभरातून येते. वह्या-पुस्तकं मात्र जूनमध्येच घ्यावी लागतात. पगारासारखं हे अनुदानही ठरल्या तारखेला खात्यात पडलं पाहिजे.

'मिशन वात्सल्य' या मुलांसाठीच्या दुसऱ्या सरकारी योजनेतून प्रायोजकत्वाचे, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठीच्या मदतीचे, महिना ४००० रुपये मिळू शकतात. यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. पण शहरातल्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९६ हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला आठ हजार. मुंबईत झोपडपट्टीतल्या खोलीचं भाडं भरणारी आई एवढ्यात घर चालवूच शकत नाही. जरा जास्त कमावलं की ती अटीबाहेर. ही मर्यादा शहराच्या भाड्याकडे बघून वाढवायला हवी.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षातही चौकशी करता येते. १०९८ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलगा शाळेत जातोय, तोवरच अर्ज करा.