एकदा बघायला हरकत नाही

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत नोव्हेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, माझी ओळख करून देताना 'चित्रपट अभ्यासक' असा शब्द आला. तो परत घ्या. मी बँकेत अठ्ठावीस वर्षं होते, त्यातली निम्मी कॅशवर. आता आमच्या भिशीचा हिशेब ठेवते. पंधरा जणी आहोत. महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं पैसे न्यायचे आणि त्या महिन्याचा पिक्चरही तिनंच ठरवायचा, असा आमचा नियम. बघून झाला की कुणाच्या तरी घरी चहा, भडंग आणि भांडण. माझा अभ्यास तो एवढाच.

पिक्चरचं हे कलम भिशीत घुसलं २०२३ साली. ३० जूनला 'बाईपण भारी देवा' लागला होता. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, तुम्हाला माहीतच आहे. आमच्यातली एक नणंदेबरोबर जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी विश्रामबागेत भाजीच्या गाडीपाशी मला म्हणाली, "वहिनी, आमच्या मोठ्या जावेचंच घर दाखवलंय हो. बघून या, मग सांगते कोण कोण ते." पुढच्या चार दिवसांत आम्ही पंधराजणी नऊवारी नेसून, गजरे माळून थेटरात. त्यातल्या दोघींनी तर थेटरची पायरी बारा वर्षांत चढलेली नव्हती. आता बघा, तिनं कथा सांगितली नाही, दिग्दर्शक कोण ते सांगितलं नाही, पाचपैकी चार असले गुणही दिले नाहीत. तिला तो पिक्चर कुठं लागला, तेवढंच सांगितलं. लागला म्हणजे थेटरात नव्हे, मनाला.

असं बोलणारी माणसं आपल्यात फार थोडी. एरवी सांगलीत कुणालाही विचारा, "पिक्चर कसा आहे?" उत्तर ठरलेलं: "एकदा बघायला हरकत नाही." अहो, पण हरकत घेतली होती कुणी? हा काय सातबाऱ्यावरचा फेरफार आहे, की पंधरा दिवसांत हरकती मागवल्यात? या वाक्यातून समोरच्यानं जावं की न जावं, काहीही कळत नाही. उद्या त्याचे पैसे वाया गेले तर 'मी कुठं जा म्हणालो होतो', आणि पिक्चर गाजला तर 'मी म्हणालोच होतो'. दोन्हीकडून सुटका. बँकेत असा शेरा मारून मी कर्जाची फाईल पुढं ढकलली असती ना, तर साहेबांनी ती माझ्या अंगावर टाकली असती.

या वाक्याची भावंडंही आहेत. "गाणी बरी आहेत", म्हणजे बाकी काही बरं नाही. "कामं सगळ्यांची चांगली झालीत", हे आपण स्थळ नाकारताना 'मुलगी स्वभावानं फार चांगली आहे' म्हणतो त्या चालीवर. "फोटोग्राफी सुरेख", म्हणजे झोप आली पण हिरवंगार दिसत होतं. या सगळ्यांत मला राग येतो तो "मेसेज चांगला आहे" याचा. मेसेज पाहिजे असता तर मी घरी बसून सकाळचे सुप्रभात वाचले असते! पिक्चरमध्ये शिक्षणाचं महत्त्व सांगितलंय, शेतकऱ्याचं दुःख सांगितलंय, म्हणून तो चांगला, हे कुठलं गणित? त्या शेतकऱ्याच्या घरातलं भांडं खरं वाटलं का, त्याची बायको आपल्यासारखी बोलते की मालिकेतल्यासारखी, ते सांगा की.

तुम्ही म्हणाल, बाई, चारचौघांतल्या गप्पांचं एवढं काय? मराठी पिक्चरचं मरण-जगणं या गप्पांवर असतं, म्हणून. यात थोडा हिशेब आहे, पण तो मला येतो, घाबरू नका.

आपण २०० रुपयांचं तिकीट काढतो. त्यात १८ टक्के जीएसटी आत धरलेला, म्हणजे ३० रुपये ५१ पैसे. (शंभरपर्यंतच्या तिकिटावर यंदा २२ सप्टेंबरपासून १२चा ५ टक्के झाला. चांगली गोष्ट, पण शंभरात तिकीट मिळतंय कुठं ते मला दाखवा.) उरले १६९ रुपये ४९ पैसे. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात त्यातले निम्म्याच्या आसपास वितरकाकडे जातात आणि पुढच्या प्रत्येक आठवड्याला त्याचा वाटा उतरत जातो. म्हणजे आपल्या दोनशेतून पिक्चरवाल्यांकडे जेमतेम ८५ रुपये, तेही पहिल्याच आठवड्यात. आणि जाहिरातीत 'शंभर कोटी' झळकतात तेव्हा बहुधा करासकट गल्ला सांगितलेला असतो. माझी भाचेसून परवा मला सांगत होती, अमुक पिक्चरनं एवढे कोटी केले म्हणजे चांगलाच असणार. मी म्हटलं, अगं, त्यातला तुला एक रुपया मिळाला का? नाही ना? मग तुला तो आवडला का, ते बोल. आकडा हे मत नव्हे, ते त्यांचं पासबुक आहे.

पण मुद्दा दुसऱ्या शुक्रवारचा. मोठ्या हिंदी पिक्चरला पहिल्या तीन दिवसांत गर्दी जाहिरातीनं जमते. मराठीकडे तेवढी जाहिरात नसते, तो पसरतो तोंडोतोंडी, आणि त्याला वेळ लागतो. पुढच्या शुक्रवारचे खेळ मात्र सोमवार-मंगळवारपासून ठरायला लागतात. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की चार खेळांचा एक होतो, तोही सकाळी साडेदहाचा. साडेदहाला कोण जाणार? डबे करायचे असतात, कामावर जायचं असतं. मग 'मराठीला प्रेक्षकच नाही' म्हणायला मंडळी मोकळी. एप्रिल २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ मराठी पिक्चर दाखवायला सांगितलं होतं. त्यावर गदारोळ झाला आणि थोड्याच दिवसांत त्याचं दुपारी १२ ते रात्री ९ झालं. वेळ मिळाली तरी माणूस घरून निघेल का, ते शेवटी कुणीतरी त्याला काय सांगितलं त्यावरच ठरतं. आणि आपण त्याला काय सांगतो? हरकत नाही. आणि वर, "येईल की मोबाईलवर."

माझ्या लहानपणी उलट होतं. रिळांच्या प्रती मोजक्या, त्या आधी मोठ्या शहरांत फिरायच्या आणि मग आपल्याकडे. पिक्चर सांगलीत यायच्या आत पुण्याच्या मामाचं मत पोस्टानं आलेलं असायचं. आता उपग्रहावरून पिक्चर मुंबईत आणि इस्लामपुरात एकाच सकाळी लागतो. आपल्याआधी कुणी बघून ठेवलेला नाही. मामाच्या जागी आता आपणच.

आता एक नाजूक विषय. 'छावा' १४ फेब्रुवारीला लागला. त्याचा ट्रेलर आला तेव्हाच लेझीमच्या दृश्यावरून वाद झाला, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकलं. तिथवर पिक्चर कुणीच पाहिला नव्हता, मतं मात्र गल्लोगल्ली. मी तो साताऱ्याला भावाकडे गेले असताना पाहिला. शेवटचा भाग मला बघवला नाही, मान खाली घालून बसले. थेटरभर पोरं गारद म्हणत होती, अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन मी म्हटलं, पहिल्या अर्ध्यात लढाईवर लढाई, माणसं कळायला उसंतच नाही, आणि रहमानचं संगीत मला त्या काळाला परकं वाटलं. भाचा तडकला. "आत्या, महाराजांच्या पिक्चरला नावं ठेवतीस?" मी म्हटलं, "महाराजांना नाही रे, कॅमेऱ्याला ठेवते."

त्याचं चिडणं मी समजू शकते. संभाजीराजांचा मुलगा शाहू याच साताऱ्यात छत्रपती म्हणून बसला. पण म्हणूनच माझी तक्रार आहे. येसूबाई १६८९ साली मोगलांच्या कैदेत पडल्या, त्या सुटून आल्या १७१९ला, आणि आल्या त्या साताऱ्याला. तीस वर्षं! नवरा गेलेला, मूल कैदेतच वाढलेलं. एवढ्या बाईला पिक्चरमध्ये ओवाळण्यापलीकडे फारसं काम नसावं, हे मला खटकलं तर त्यात महाराजांचा अपमान कुठं आला? आपण विषयाला नमस्कार करतो आणि तोच नमस्कार पिक्चरला पोचवून टाकतो. दोन्ही वेगळे ठेवता यायला हवेत. देवाची मूर्ती ओबडधोबड झाली तर मूर्तिकाराला सांगतोच ना आपण? भाच्यानं ऐकून घेतलं. पटलं नाही. रात्री मात्र त्यानं विचारलं, "आत्या, येसूबाईंवर पुस्तक आहे का गं एखादं?" मला तेवढं पुरलं.

सप्टेंबरात आमच्या भिशीत खरी जुंपली. १२ तारखेला एकाच शुक्रवारी तीन मराठी पिक्चर लागले: 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. एका दिवशी तीन! एका पंगतीत तीन वाढपी एकदम आले की कुणाचंच नीट वाढून होत नाही. चिठ्ठी जिची निघाली तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, म्हणून आम्ही 'दशावतार'ला गेलो. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर त्यात दशावतारी कलावंत आहेत. मला पूर्वार्ध आवडला, उत्तरार्धात पुढचं आधीच दिसायला लागलं. मी तसं म्हणाले. चौघींनी माझ्यावर हल्ला केला. एक म्हणाली, "तुम्हाला काय हो, तुम्हाला नोटा मोजायची सवय, खोटी लगेच सापडते." हे मी कौतुक समजले.

पण त्या दिवशीचं खरं मत दिलं ते वेंगुर्लेकरणीनं. ती आधी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे दशावतार रात्रभर चालायचा. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या जुळवतात, रंगही आपला आपणच लावतात. पहाटे ते नट पायरी उतरायचे ना, तशी प्रभावळकरांची चाल आहे. राजाची नाही, राजा उतरवून ठेवलेल्या माणसाची." आम्ही बाकीच्या चौदाजणी गप्प. एवढं एक वाक्य ऐकून मी तो पिक्चर पुन्हा जाऊन पाहिला, तेही साडेदहाच्या खेळाला, घरी कूकर दुसऱ्याच्या भरवशावर टाकून. आणि ती चाल दिसली.

पुढच्याच शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, 'साबर बोंडं' आला. रोहन कानवडे यांचा. जानेवारीत अमेरिकेत सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा, त्याचा लहानपणीचा दोस्त, आणि त्या दोघांचं एकमेकांवरचं प्रेम. मी तो पुण्याला लेकीकडे गेले तेव्हा पाहिला. भिशीत सांगायची मला भीती वाटत होती, हे कबूल करते. सांगितलं तर सगळ्या चहात बघायला लागल्या. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकू, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, त्यांनी फक्त विचारलं, "आणि त्याच्या आईला माहीत असतं का?" मी म्हटलं, असतं. "मग बरं," म्हणाल्या, "माझी चिठ्ठी निघाली की तोच." ऑक्टोबरात त्यांचीच निघाली. पण तोवर आमच्या जवळपास तो कुठंही लागलेला नव्हता.

मागच्या आठवड्यात ५ नोव्हेंबर झाला. १८४३ साली त्या दिवशी आपल्या गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आपण नाट्यपंढरी. त्या पहिल्या खेळाचे प्रेक्षक घरी जाताना काय बोलले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. 'एकदा बघायला हरकत नाही' म्हणाले असते, तर दुसरा खेळ झाला असता का हो?

प्रश्नोत्तरं घ्या म्हणतात. हं, बोला. 'राजा शिवाजी' कसा असेल, असं या मागच्या दादांनी विचारलंय. रितेश देशमुख यांचं दिग्दर्शन, भूमिकाही त्यांचीच, संगीत अजय-अतुल, तारीख १ मे २०२६ सांगितलेली आहे. महाराष्ट्र दिन आणि शुक्रवार. तर दादा, कसा असेल ते मला आज काय माहीत? पोस्टर छान आहे, पण मी पोस्टर बघायला पैसे देत नाही. एक तारखेला रात्री नऊच्या खेळाला आम्ही पंधराजणी असू. सुटून घरी यायला एक वाजेल. २ तारखेला सकाळी साडेसहाला मी आमराईत फिरायला येते, तिथं विचारा.