काठी फिरते, दोरा थांबतो

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलणार आहे गळकाठीवर दोरा गुंडाळण्याबद्दल. घरी काठी तयार करणारी मंडळी नळी पारखून घेतात, मूठ नीट बसवतात, आणि कड्या बांधायची वेळ आली की त्यांची मान आखडते, बोटं दुखतात, अर्धी काठी तशीच कोपऱ्यात उभी राहते. ती काठी पुन्हा हातात घ्यावी, एवढ्यासाठी हे बोलणं.

गळाची दोरी ज्यांतून पुढे धावते त्या कड्यांना चपटे पाय असतात. ते पाय नळीवर ठेवायचे आणि वरून बारीक दोऱ्याचे वेढे घालायचे, एकाला एक चिकटून. पोकळ नळीला भोक पाडलं तर ती नेमकी तिथेच मोडेल, म्हणून स्क्रू नाही, खिळा नाही. पूर्वी रेशमी दोरा असायचा, आता बहुतेक नायलॉनचा असतो, पण बांधणी तीच. बारीक दोऱ्याचे एका सेंटिमीटरात साठेक वेढे बसतात. म्हणजे एका पायावर सहज शंभर. आणि काठीवर पाय किती, ते मोजा. इतकं काम हाताला आरामात करता आलं पाहिजे. त्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा: दोरा फिरवायचा नाही, काठी फिरवायची. काठी फिरते, दोरा थांबतो.

हे मला माझ्या आत्याने शिकवलं. तिने आयुष्यात कधी गळ हातात धरला नव्हता. शिवणयंत्रावर मात्र तिची चाळीस वर्षं गेली होती.

माझी पहिलीच काठी होती. मी बुटक्या स्टुलावर बसलो होतो, काठी दोन्ही गुडघ्यांत दाबलेली, आणि दोऱ्याचं रीळ उजव्या हाताने काठीभोवती फिरवत होतो. फेरा घालताना रीळ एका हातातून दुसऱ्या हातात जायचं, आणि तेवढ्यात दोरा सैल पडायचा. दोन तासांत दोन पाय झाले. तिसऱ्याला रीळ निसटलं, घरंगळत दाराशी गेलं, आणि बांधलेलं सगळं उलगडलं. आत्या मुक्कामाला आली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे मी काय करतोय ते तिला स्पष्ट दिसत नव्हतं. पण रीळ पडल्याचा आवाज तिने ओळखला.

"काय गुंडाळतोस रे?"

मी सांगितलं. ती जवळ आली, काठी चाचपली, दोरा चाचपला आणि म्हणाली, "अरे, बॉबिन भरताना दोरा कधी फिरतो का? बॉबिन फिरते. काठी फिरव की!"

मग तिने बुटांचा रिकामा खोका मागितला. खोक्याच्या दोन्ही अरुंद बाजूंना वरून त्रिकोणी खाचा पाडायला लावल्या आणि नळीला ओरखडा उठू नये म्हणून खाचांत मऊ कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. खोका हलू नये म्हणून आत वजन ठेवलं. काठी खाचांत आडवी झाली. लांब टोक लोंबत होतं, त्याच्याखाली तेवढ्याच उंचीचा दुसरा डबा आला. रीळ गेलं एका खोलगट वाटीत, म्हणजे ते उड्या मारेल, पण पळणार नाही. आणि वाटी व खोका यांच्या मध्ये तिने एक जाडजूड शब्दकोश ठेवायला सांगितला. दोरा शब्दकोशाच्या पानांमधून यायचा. ताण वाढवायचा तर वर आणखी एक पुस्तक, कमी करायचा तर ते काढून घ्यायचं. शिवणयंत्रावर दोन चकत्या जे करतात, तेच काम.

"आता खुर्चीवर बस. कोपर टेबलावर टेकव." मी बसलो. काठीचा वरचा भाग आपल्याकडे येईल अशी दोन्ही हातांच्या बोटांनी ती हळूहळू फिरवायची. पलीकडून दोरा ताणलेला येतो आणि आपणहून जागेवर बसतो. तिसरा पाय वीस मिनिटांत झाला. मान दुखली नाही. बुटक्या स्टुलाबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: पाच मिनिटांहून जास्त चालणारं कुठलंही हातकाम त्यावर बसून करू नये. भाजी निवडणंसुद्धा नाही.

मी खूश होऊन पुढची कडी घेणार, तोच आत्याने झालेल्या वेढ्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका जागी नख अडलं. "इथे पायरी आहे," ती म्हणाली. मला काही दिसेना. भिंग लावून पाहिलं, तर खरंच, कडीच्या पायाचं टोक बोथट आणि जाड होतं. दोरा नळीवरून त्या टोकावर चढताना तिथे बारीक फट राहिली होती. पाणी नेमकं अशाच फटीत शिरतं, आणि तिथलाच दोरा आधी सैल होतो. सगळं सोडलं. प्रत्येक पायाचं टोक कानशीने घासून निमुळतं केलं, खालची धारही मोडली, कारण ती धार नळीत रुतते. म्हणून पुन्हा सांगतो: आधी कानस, मग दोरा. पायाचं टोक निमुळतं झाल्याशिवाय रीळ हातात घेऊच नका.

शेवटी मी गाठ मारायला गेलो, तर तिने हात धरला. "गाठ वर आली की कशात ना कशात अडकणारच." शेवटचे सात-आठ वेढे राहिले असताना तिने वेगळ्या दोऱ्याचा एक फास काठीवर आडवा ठेवायला लावला, फासाचं तोंड वेढे ज्या दिशेने जात होते त्या बाजूला. उरलेले वेढे त्या फासावरूनच घातले. मग दोरा कापला, टोक फासात ओवलं आणि फासाची मागची टोकं धरून ओढली. दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली गेलं ते गेलंच. सुरुवातही तशीच बिनगाठीची: दोरा स्वतःच्या टोकावरून आडवा घ्यायचा, पाच-सहा वेढे झाले की ते टोक कापायचं. असला फास शाळेत प्रत्येक मुलाला शिकवावा असं मला मनापासून वाटतं. बुटाची नाडी आणि एक सरकगाठ, एवढ्यावर माणसाचं सगळं आयुष्य जातं, हे बरं नाही.

चौथी कडी आत्याने स्वतः बांधली, डोळे मिटून. त्यात एक वेढा दुसऱ्यावर चढला आहे. तो मी सोडवला नाही. ती काठी आजही माझ्याकडे आहे.

आता थोडक्यात बाकीचं. सुरुवात नळीवर, पायाच्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर आधी करायची आणि कडीच्या दिशेने चढत जायचं. कडी आधी कागदी चिकटपट्टीने धरून ठेवावी, दोरा जवळ आला की पट्टी काढावी. वेढ्यांत फट दिसली तर चमच्याच्या पाठीने हलकेच घासून वेढे सरकवा. हाताला तेल किंवा क्रीम लावून बसू नका, त्यावर लेप धरत नाही. आणि ताण माफक ठेवा. अंगठ्याने नेट लावला तर कडी किंचित सरकली पाहिजे, कारण शेवटी काठीला डोळा लावून सगळ्या कड्या एका ओळीत आणायच्या असतात. फार आवळलेली कडी सरकत नाही, आणि तिचा पाय पोकळ नळीला दाबतो. ताण माफक, हे लक्षात असू द्या.

काम दिवसा, खिडकीशी करा. मोटर लावलेली यंत्रं मिळतात, चांगली असतात. पण पहिल्या दोन-तीन काठ्या खोक्यावरच बांधाव्या. दोरा कधी चढतो, कधी फट सोडतो, हे बोटांना आधी कळू द्यावं.

दोऱ्यावर लेप द्यायचा तो दोन भागांच्या इपॉक्सीचा. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मोजून, बुडबुडे येणार नाहीत असं सावकाश ढवळून, पातळ थर द्यावा. हातमोजे घाला, खोलीत हवा खेळती ठेवा. लेप ओला असेपर्यंत काठी त्याच खोक्यावर दर काही मिनिटांनी अर्धा फेरा फिरवत राहायचं, नाहीतर तो खाली ओघळून थेंब धरतो. इथेही तेच: काठी फिरते.

त्या रात्री आम्ही दोघं आळीपाळीने काठी फिरवत बसलो होतो. आत्या तिच्या पहिल्या शिवणयंत्राबद्दल सांगत होती, आणि सांगता सांगता न चुकता हात पुढे करून अर्धा फेरा देत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिला काठीला हात लावू दिला नाही. मग तिने पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेही अडलं नाही. फक्त चौथ्या कडीवर ती थांबली आणि म्हणाली, "ही माझी."