तराण्याच्या दारातून प्रोग्रेसिव्ह रॉक

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा बंगळुरूहून चार दिवस राहायला आला होता. सकाळी पोहे खाता खाता त्यानं फोन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मावशी, डोळे मीट आणि राग ओळख." मला वाटलं, एखाद्या नव्या गायकाची बंदिश असेल. ऐकते तर गळा कर्नाटकी, बोल तराण्याचे, आणि त्यांच्या बरोबरीनं विजेची गिटार आणि ड्रम! मी सवयीनं म्हणून गेले, "भीमपलास."

कारण 'अमृताहुनी गोड' हे माणिक वर्मांचं गाणं ऐकत मोठं झालेल्या माणसाच्या कानात ही चढण कायमची बसलेली असते. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. पण थोडं पुढे ऐकलं आणि माझी मलाच शंका आली. भीमपलासात जीव मध्यमावर असतो. इथे गाणं पुन्हा पुन्हा पंचमाशी येऊन थांबत होतं. भाचा हसला. "धनाश्री," म्हणाला. भीमपलासाची सख्खी बहीणच.

त्या बँडचं नाव अगम. मराठीत अगम म्हटलं की आपल्याला अगम्य आठवतं, जिथे पोचता येत नाही ते. तमिळमध्ये याच शब्दाचा अर्थ आत, अंतरंग. गायक हरीश शिवरामकृष्णन व्हायोलिनही वाजवतात. बँड बंगळुरूचा, २००३ साली जमलेला, आणि त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात संगीत असं करत आलेले. पहिला अल्बम २०१२चा, दुसरा २०१७चा. म्हणजे जगाच्या हिशेबानं हा बँड नवा नाही. पण जो आपल्याला काल भेटला तो आपल्यासाठी नवाच, आणि या भेटीचा आनंद मला साठी ओलांडल्यावर मिळाला, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

हे लोक आपल्या संगीताला कर्नाटक प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. यातला प्रोग्रेसिव्ह रॉक जन्मला इंग्लंडमध्ये, साठच्या दशकाच्या शेवटी. तीन मिनिटांचं गाणं, चार मात्रांचा ठेका आणि प्रेमाचे चार शब्द एवढ्यावर काही तरुणांचं समाधान होईना. १९६९च्या ऑक्टोबरमध्ये किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम आला. त्यात मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य ऐकू येतं. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा नाहीतर बासरीचा सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, आणि आठेक सेकंदांत संपते. तेवढ्यात दुसरी पट्टी धरायची. मला हे फार हृद्य वाटतं. वाद्यवृंद परवडत नाही, पण डोक्यात वाद्यवृंदच वाजतो आहे, अशा मुलांनी काढलेली ती वाट होती. पुढे १९७२मध्ये येस या बँडनं अठरा मिनिटांचं एकच गाणं रेकॉर्डच्या अख्ख्या बाजूवर पसरलं. १९७३मध्ये पिंक फ्लॉइडनं पैशावरचं एक गाणं सात मात्रांत बांधलं, आणि तरी ते जगभर गुणगुणलं गेलं.

सात मात्रा! तिकडे याचं कोण कौतुक झालं. आपल्याकडे रूपक वाजायला लागला की घरातली आजीसुद्धा मांडीवर बोटं टेकवत हिशेब ठेवते. झपतालाच्या दहा, एकतालाच्या बारा, दीपचंदीच्या चौदा. माझं आज एवढंच सांगणं आहे की या संगीतासाठी लागणारा कान आपल्याकडे आहेच. आपल्याला फक्त आवाजाचा बाऊ वाटतो.

मलाही वाटायचा. विजेच्या गिटारचा तो खरखरीत आवाज म्हणजे गोंगाट, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. भाच्यानं मला त्यामागची गोष्ट नीट समजावली. गिटारलाही सतारीसारखे पडदे असतात. तार पडद्यावर दाबून आडवी ओढली की सूर वर सरकतो, म्हणजे आपली मींडच. अडचण अशी की छेडलेला सूर लगेच विरतो. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेली ती खरखर, लावली की तोच सूर लांबतो, आणि मूळ स्वराबरोबर वरचे स्वरांशही ठळक होतात. सूर गळ्यासारखा टिकायला लागतो. हे कळल्यावर मी ते गाणं पुन्हा लावलं, आणि गायकाच्या गळ्यातून निघालेली लकेर गिटार कशी उचलते तिकडे लक्ष दिलं. गोंगाट कुठल्या कुठे गेला.

आता त्या गाण्याबद्दल. तो तिल्लाना आहे, म्हणजे दक्षिणेतला आपल्या तराण्याचा भाऊ. भरतनाट्यमच्या शेवटी तुम्ही तो पाहिला असेल. 'गीत धुनिकु तक धीं' असे त्याचे बोल, आणि रचना स्वाती तिरुनाळ यांची. १८१३ ते १८४६ एवढंच आयुष्य लाभलेला त्रावणकोरचा हा राजा संस्कृत, मलयाळम आणि शिवाय ब्रज वळणाच्या हिंदीतही रचना करत होता. म्हणूनच तर या तिल्लान्याचे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात.

आणि इथे मला एक जुना धागा सापडला, त्यानं मी फार हरखून गेले. स्वाती तिरुनाळांच्या दरबारात मेरुस्वामी नावाचे एक मराठी कीर्तनकार होते. मूळचे तंजावरचे. त्यांना कोकिळकंठ म्हणत. महाराज स्वतः त्यांच्याकडे संगीत शिकले. तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, आणि मराठी कीर्तन तिथून थेट केरळपर्यंत पोचलं होतं. म्हणजे बंगळुरूच्या ज्या रॉक बँडला मी परका समजत होते, त्याच्या गाण्याच्या कर्त्यानं कधीकाळी एका मराठी कीर्तनकारापुढे बसून सूर लावले होते. हे वाचलं त्या रात्री मी तो तिल्लाना लागोपाठ चार वेळा ऐकला.

भजनाखाली ड्रम वाजवून त्याला फ्यूजन म्हणणारे पुष्कळ आहेत. अगमचं तसं नाही. पल्लवी, अनुपल्लवी, चरण ही कृतीची, म्हणजे कर्नाटकी बंदिशीची, मांडणी ते मोडत नाहीत. तिच्या मधल्या जागांमध्ये स्वतःचं नवं काही रचतात, आणि ते पुन्हा मूळ ओळीवर आणून सोडतात. प्रोग्रेसिव्ह म्हणायचं ते यासाठी. काही ठिकाणी ड्रम इतके दाटतात की गळ्यातलं गमक झाकलं जातं, तिथे मला हळहळ वाटते. कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांच्या रचनेला गिटार लावलेली ज्यांना खपत नाही, त्यांची तळमळही मी समजू शकते. पण त्यांनी हरीश यांचा गळा एकदा शांतपणे ऐकावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्या गळ्याला शब्दांचा अर्थ कळतो.

तुम्ही तो तिल्लाना ऐकणार असाल तर पहिल्या वेळी फक्त गळ्याकडे लक्ष द्या. दुसऱ्या वेळी हातानं ताल धरा, आदितालाच्या आठ मात्रा आहेत, चुकणार नाहीत. बास गिटारकडे मात्र खूप उशिरा लक्ष जातं. ती खर्जात चालते, आणि छोट्या फोनवर तर ऐकूच येत नाही. हेडफोन लावाल तेव्हा कळेल की सगळा डोलारा तिनं पेलला आहे.

भाचा परत गेला त्या रात्री मी त्यांचं 'रंगपुर विहार' लावलं होतं. कर्नाटक संगीतातलेच थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांची कृती, राग बृंदावन सारंग. आपल्या वृंदावनी सारंगासारखाच, फक्त उतरताना कोमल गंधाराची हलकी चाहूल लागते. आई शेजारच्या खोलीत पडली होती. तिला झोप लागली असेल म्हणून मी आवाज कमी केला, तर आतून हाक आली.

"सारंग आहे ना गं हा? तो गंधार कुठून आला त्यात?"

मी म्हटलं, "दक्षिणेतला आहे, आई. त्यांच्याकडे असतो."

"असू दे. पण सारंग रात्री कशाला लावतेस? उद्या दुपारी लाव."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, दीडच्या सुमाराला, आम्ही दोघींनी ते पहिल्यापासून ऐकलं.