शेवटचं कडवं कोणतं?

आयोजकांनी मला ‘संगीत आणि स्मृतिभ्रंश’ असा विषय दिला होता. फार मोठा विषय आहे, म्हणून मी तो एका माणसापुरता आणते. चर्चमध्ये आयुष्यभर ऑर्गन वाजवलेल्या एका बाईंकडे मी शिकले, त्यांच्या गायकवृंदात गायले आणि त्यांच्या आजारपणाची वर्षंही जवळून पाहिली. त्यांचं नाव घेत नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो, आजही तेच म्हणते.

आधी त्यांच्या कामाविषयी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मैफलीत लोक ऐकायला येतात. उपासनेत मंडळी स्वतः गायला आलेली असते आणि वादकानं तिला गाऊ द्यायचं असतं. कुणी ओळीच्या पुढे पळतं, कुणी मागे रेंगाळतं, मागच्या बाकावरच्या आजोबांचा सूर भलतीकडेच लागलेला असतो. या सगळ्यांना एका लयीत धरायचं आणि त्यांना ते जाणवूही द्यायचं नाही. कडवं संपलं की सर्वांना श्वास घ्यायला किती जागा सोडायची, हे गीतपुस्तकात छापलेलं नसतं. बाई वाजवताना प्रत्येक ओळ मनात गात असत आणि स्वतःचा श्वास संपेल तिथे बोटं उचलत. सकाळच्या उपासनेला गळे जड असतात म्हणून त्या अख्खं गीत एक स्वर खाली घेऊन वाजवत; मंडळीला पत्ताही लागत नसे. लग्नात नवरीला उशीर झाला की हाताला येईल ते, पण प्रसंगाला शोभेल असं, वाजवत राहायचं. अंत्यविधीच्या वेळी डोळे कोरडे ठेवून वाजवायचं. हे वर्षानुवर्षं, सणवार न पाहता.

या कामात नाव होतं ते फार थोड्यांचं. पॅरिसच्या जान दमस्यू १९३३ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, चर्चच्या ऑर्गनवादक झाल्या आणि पुढे जगभर गाजल्या. पण ठिकठिकाणच्या चर्चमधून पिढ्यान् पिढ्या ऑर्गनवर बसलेल्या बहुतेक बायकांची नोंद ‘मदत करतात’ इतकीच झाली. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. कारण ज्या कौशल्याला आपण कौशल्य म्हणून ओळखलंच नाही, ते हातातून निसटायला लागतं तेव्हा ते आपल्या लक्षातही येत नाही.

बाईंच्या बाबतीत तसंच झालं. त्या चाली विसरल्या नव्हत्या, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. पण नव्यानं बसवायला घेतलेलं गीत काही केल्या बसेना. दर तालमीला ते त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आल्यासारखं यायचं. मग उपासनेचा क्रम चुकू लागला. झालेलं गीत त्या पुन्हा सुरू करत. आणि एका रविवारी त्यांनी दोन्ही हात ठेवले, पाय पेडलवर ठेवले, वाजवायला लागल्या, आणि आवाजच नाही. पाइप ऑर्गनला स्टॉप असतात. कोणत्या नळ्यांच्या रांगेत वारा जायचा, ते या खुंट्या ओढून ठरवावं लागतं. एकही ओढली नाही तर पट्ट्या दाबल्या तरी वाद्य मुकंच राहतं. बोटं बिनचूक पडत होती. आधी काय करायचं, ते मात्र गेलं होतं. मी पुढे होऊन दोन स्टॉप ओढले आणि गीत मधूनच सुरू झालं.

असं का होतं? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्के लोकांना अल्झायमर असतो. या आजारात सहसा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला आणि त्याच्या आसपासच्या भागांना लवकर झळ पोहोचते. नव्या घटना, नवी नावं, आजचा क्रम साठवण्यासाठी हाच भाग लागतो. हातापायांना सरावानं जडलेलं कौशल्य वेगळ्या व्यवस्थेवर चालतं, आणि तिथे आजार सहसा उशिरा पोहोचतो. १९८९ साली डॉक्टरांनी ८२ वर्षांच्या एका संगीतकाराची हकिगत नोंदवली. पूर्वी बसवलेल्या रचना ते पियानोवर पाठ वाजवत, पण रचना कोणती, कुणाची, हे त्यांना सांगता येत नसे. २०१५ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी आधी निरोगी तरुणांमध्ये, फार जुनं ओळखीचं संगीत ऐकताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात ते शोधलं. नंतर अल्झायमरच्या रुग्णांमध्ये तेच भाग तपासले, तर ते इतर भागांच्या मानानं बरेच शाबूत दिसले. स्मृतिभ्रंशाच्या सगळ्या प्रकारांत असंच होतं, असं मात्र समजू नका. काही प्रकारांत ओळखीची चालसुद्धा परकी होते.

आता मला जे खरं सांगायचं आहे, त्याकडे येते. ‘नाव आठवत नाही, पण बघा कसं वाजवतात!’ म्हणून लोक फोन काढून चित्रण करू लागले. हेतू वाईट नव्हता. पण त्यात बाई एक नवल होऊन बसल्या. त्यांच्यात जे उरलं होतं, ते आयुष्यभराच्या मेहनतीनं कमावलेलं होतं, आणि ते कमावलं होतं दुसऱ्यांना साथ करण्यासाठी. त्यांना एकटं बसवून ‘वाजवा ना काहीतरी’ म्हटलं की त्या कावऱ्याबावऱ्या होत. चार माणसं उभी राहून गायला लागली की हात आपोआप पट्ट्यांवर जात.

तरी एक अडचण राहायची. गीताची चाल प्रत्येक कडव्याला तीच असते. आता तिसरं चाललंय की चौथं, हे चाल सांगत नाही. ते मनात धरून ठेवावं लागतं. बाईंना नेमकं तेवढंच जमेनासं झालं. शेवटचं कडवं संपायचं, मंडळी थांबायची आणि बाई पुढचं कडवं धरायच्या. मग गोंधळून मान वर करायच्या. लोक एकमेकांकडे बघायचे, ते त्यांना दिसायचं. यावर उपाय काढला तो गायकवृंदात अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणाऱ्या एका बाईंनी. त्या ऑर्गनशेजारी उभ्या राहून गाऊ लागल्या आणि शेवटचं कडवं सुरू होताना बाईंच्या खांद्यावर हात ठेवू लागल्या. बस्स, इतकंच. त्या स्पर्शानं बाई शेवटाकडे लय सैल करायच्या आणि समाप्तीचा स्वरमेळ पूर्वीसारखाच भरदार वाजवायच्या. रविवारची मुख्य उपासना तोवर दुसऱ्या वादकाकडे गेली होती, आणि ते योग्यच होतं. पण आठवड्याच्या मधल्या छोट्या प्रार्थनेची दोन गीतं बाईंकडे राहिली. वाद्य आधीच लावून ठेवायचं, पाठ असलेलीच गीतं निवडायची, गीतपुस्तक समोर ठेवायचं नाही. पान दिसलं की त्या वाचायला जायच्या आणि अडायच्या.

संगीतानं आजार बरा होत नाही, हे स्पष्टच सांगते. पुढे पाय पेडल शोधेनासे झाले, मग डावा हात मागे पडला, शेवटी वादन थांबलं. गुणगुणणं बराच काळ टिकलं. प्रत्येक गीत सुखाचंच असतं असंही नाही. एका परिचारिकेनं प्रेमानं अंत्यविधीचं एक सुरेख गीत लावलं आणि बाई अस्वस्थ होऊन कुणाला तरी शोधू लागल्या. ते गीत त्यांनी कुणाकुणासाठी वाजवलं होतं, हे त्या परिचारिकेला कुठून कळणार? मोठा, भरगच्च आवाजही पुढे पुढे त्यांना सोसवेना.

म्हणून तुमच्या चर्चमधल्या वादकाला निदान झालं असेल, तर विचारायचं ते आत्ताच विचारा. कोणती गीतं पाठ आहेत, कोणती कधीच लावू नयेत, कोणतं गीत त्या कुठल्या पट्टीत वाजवतात, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. गीतपुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं केलेल्या खुणांचा अर्थ विचारा. त्यांची देखभाल करणाऱ्या माणसाकडे या यादीची प्रत असू द्या. आणि संकोच वाटला तरी, स्वतःच्या अंत्यविधीला त्यांना कोणती गीतं हवी आहेत तेही विचारा. इतक्या जणांचे अंत्यविधी वाजवलेल्या माणसाचं त्याबद्दल पक्कं मत असतं. बाईंचं होतं. त्यांनी तीन गीतं सांगितली होती, आणि तिन्ही थोडी जलद घ्या, असंही बजावलं होतं.