लाईट आली, सर्व्हर चालू झाला, पण नेटवर्क कुठंय?

नमस्कार मंडळी! गेल्या पावसाळ्यात एका शाळेतून फोन आला. लाईट जाऊन आली होती, सर्व्हर आपोआप चालूही झाला होता, पण लॅबमधल्या एकाही कॉम्प्युटरला तो सापडेना. घरून लॉगिन करता येईना, म्हणून मी तिथे गेले आणि मॉनिटर जोडला. सर्व्हर ठणठणीत होता, नेटवर्क कार्ड तेवढं बंद. बसवताना कुणीतरी ते हाताने चालू करून दिलं होतं.

हाताने चालू केलेलं कार्ड फक्त पुढच्या रीबूटपर्यंत टिकतं. दर वेळी आपोआप जोडलं जावं असं वाटत असेल, तर तसं फाईलमध्ये लिहिलेलं लागतं.

चला, स्क्रीनवर बघा. हे रॉकी लिनक्स ९ आहे, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. आधी 'एनएमसीएलआय', म्हणजे नेटवर्कची सेटिंग बघायची-बदलायची कमांड, अशी द्या: 'एनएमसीएलआय कनेक्शन शो'. पहिल्या रकान्यात प्रोफाईलचं, म्हणजे जोडणीच्या साठवलेल्या सेटिंगचं नाव, शेवटच्यात कार्डाचं. इथे नीट बघा हं, ही दोन्ही नावं दर वेळी एकच असतील असं नाही! आपल्याला प्रोफाईलचं नाव हवंय, आणि त्यात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत टाका.

आता 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', पुढे ते नाव, मग 'कनेक्शन डॉट ऑटोकनेक्ट येस'. एंटर. प्रोफाईलची फाईल उघडून दाखवते. मघाशी इथे 'ऑटोकनेक्ट=फॉल्स' होतं, आता ती ओळच गेली. कारण मुळातला नियमच 'आपोआप जोड' असा आहे. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर हेच काम 'ऑनबूट=येस' करायचं, पण त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

डेबियन हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांनो, तुमची फाईल 'ईटीसी'मधल्या 'नेटवर्क' फोल्डरात, नाव 'इंटरफेसेस'. तिथे 'आयफेस'ची, म्हणजे कार्डाच्या सेटिंगची ओळ सगळे लिहितात आणि वरची 'ऑटो'ची ओळ विसरतात. मग 'आयएफअप' ही कार्ड हाताने चालू करायची कमांड दिली की कार्ड चालू होतं, आपल्याला वाटतं झालं काम, आणि रीबूटनंतर पुन्हा सामसूम. 'ऑटो', पुढे कार्डाचं नाव, उदाहरणार्थ 'ईएनपी०एस३'. एवढी एक ओळ, पण ती हवीच.

आता मशीन रीबूट करा. मात्र तुम्ही मशीनसमोर बसलेले असाल तरच, दुरून नको, कळकळीने सांगते. चालू झाल्यावर त्याला हात न लावता शेजारच्या कॉम्प्युटरवरून पिंग मारा, म्हणजे 'आहेस का?' असा संदेश पाठवून उत्तर येतं का बघा.

हे बघा, आलं उत्तर.