क्युरेटर व्हायचंय, तर कलाकृती चालू ठेवता आली पाहिजे

(दृश्य : शेजारी शेजारी दोन पडदे. दोन्हींवर एकच चित्र.)

२००४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात एकच कलाकृती दोनदा मांडली होती. ग्रॅहम वाइनब्रेन आणि रॉबर्टा फ्रीडमन यांची ‘अर्ल किंग’, १९८२ ते १९८५ या काळात घडवलेली. प्रेक्षक पडद्याला बोट लावतो आणि चित्रपट तिथून वेगळी वाट धरतो. एका बाजूला तिचा मूळ संच होता : जुना संगणक, लेझरडिस्क (चित्रपट साठवायची मोठी तबकडी), तारांचं जंजाळ. शेजारी नवा संगणक, त्यात जुन्या यंत्रासारखं वागणारं सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणारं तेच काम. दोन्ही हाताळून बघा आणि ठरवा, ही एकच कलाकृती आहे का, असा प्रश्न त्या प्रदर्शनानं थेट प्रेक्षकांपुढे ठेवला.

डिजिटल कलेत क्युरेटर म्हणून, म्हणजे कलाकृती निवडून त्यांची प्रदर्शनं घडवणारा म्हणून, सुरुवात करणाऱ्यानं आधी याच प्रश्नाशी झटायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तैलचित्र भिंतीवर टांगलं की ते महिनाभर तसंच राहतं. वेबवरच्या कलाकृतीचं तसं नाही. शू ली चांग यांची ‘ब्रँडन’ ही कलाकृती गुगेनहाइमनं १९९८ मध्ये इंटरनेटवर आणली. तिच्यातले अनेक भाग वेबपानाच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, म्हणजे जावा अ‍ॅपलेटवर चालायचे. पुढे ब्राउझरांनी अ‍ॅपलेट चालवणंच सोडून दिलं आणि कलाकृतीला कुणी हात न लावताही तिचे तुकडे बंद पडत गेले. २०१६-१७ मध्ये संग्रहालयाला विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांना सोबत घेऊन तो कोड नव्यानं उभा करावा लागला. ३१ डिसेंबर २०२० नंतर वेबवर अॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचंही असंच झालं. त्या तारखेपर्यंत फ्लॅशमध्ये केलेली किती कामं कुणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत, या विचारानं जीव हळहळतो.

म्हणून कलावंताशी पहिल्या भेटीतच बोलायचं ते यावर. यंत्र बिघडलं तर काय? तसंच जुनं यंत्र शोधून, सुटे भाग साठवून चालू ठेवायचं? नव्या यंत्रावर जुन्याची नक्कल चालेल? फाइल नव्या स्वरूपात नेलेली चालेल? की मूळ कल्पना धरून सगळंच नव्यानं करायचं? गुगेनहाइमच्याच एका उपक्रमात हे चार पर्याय प्रश्नावलीच्या रूपात मांडले गेले. बरेच कलावंत आधी गप्प होतात, कारण हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मग बोलू लागतात, आणि त्या बोलण्यात आपल्याला कलाकृती कळते. काचेच्या जुन्या टीव्हीचा फुगीर पडदा एखाद्याला हवाच असतो; दुसऱ्याला त्याचं काहीच नसतं, त्याला हवा असतो फक्त तासाभराचा सलग काळोख. हे कुठल्याही पुस्तकी वाचनातून कळत नाही.

(दृश्य : छोटं स्वयंपाकघर. सिंकखालच्या कपाटाच्या फटीतून हलका उजेड.)

क्युरेटर होण्याच्या गोष्टीत १९९१ सालचं एक स्वयंपाकघर हमखास येतं. पुढे नामांकित क्युरेटर झालेले हान्स उलरिख ओब्रिस्ट तेव्हा २३ वर्षांचे होते. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनमध्ये, जिथं ते स्वयंपाक जवळपास करतच नव्हते, त्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रदर्शन भरवलं. कलावंत क्रिस्तियाँ बोल्टान्स्कींनी सिंकखालच्या कपाटात मेणबत्तीची प्रतिमा टाकली, फिश्ली आणि वाइस या कलावंत जोडीनं वरच्या कपाटात खाद्यपदार्थांचे अवाढव्य डबे-पाकिटं रचली. जागा नाही, पैसे नाहीत म्हणून अडून बसू नका, असा धडा यातून सगळेच काढतात आणि तो खराच आहे. पण मला त्याआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात. फिश्ली आणि वाइस यांच्या स्टुडिओत ओब्रिस्ट पहिल्यांदा गेले ते १७ व्या वर्षी. म्हणजे स्वयंपाकघरात येऊन काम करा, असं म्हणण्याआधी काही वर्षं ते स्टुडिओंचे उंबरे झिजवत होते, ऐकत होते. एवढ्या ओळखीवरच कलावंत कुणाच्या सिंकखाली शिरायला तयार होतात.

क्युरेटर ओक्वी एन्वेझर दुसऱ्या वाटेनं आले. त्यांचं शिक्षण राज्यशास्त्रातलं, ओढा कवितेचा. १९९४ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी समकालीन आफ्रिकी कलेचं ‘एन्का’ हे नियतकालिक सुरू केलं. २००२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथल्या ११ व्या डॉक्युमेंटा या मोठ्या समकालीन कलाप्रदर्शनाची सूत्रं त्यांच्या हाती होती. तिथं पोचलेले ते युरोपाबाहेरचे पहिले कलासंचालक. ज्या कलेबद्दल कुणी नीट लिहीत नव्हतं, तिच्याबद्दल त्यांनी लिहायला सुरुवात केली.

क्युरेटरपणाचे अभ्यासक्रमही आहेत. अमेरिकेत बार्ड कॉलेजचं केंद्र १९९० पासून, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधला अभ्यासक्रम १९९२ पासून. तिथं माणसं भेटतात, वाचायला सवड मिळते. परवडत असेल तर जरूर जा. कर्ज काढून मात्र जाऊ नका, निदान एखादं प्रदर्शन अंगावर घेऊन बघितल्याशिवाय नाही.

(दृश्य : प्रदर्शनाचं दालन, सकाळ. दिवे एकेक करून लागतात.)

आता हे बघा. दालन उघडायला अजून अर्धा तास आहे. हा इथला कर्मचारी. त्याच्या हातात एक कागद आहे : आधी कुठला स्विच, मग किती मिनिटं थांबायचं, भिंतीवर कर्सर दिसला तर काय करायचं, आवाज कोणत्या खुणेपर्यंत, संध्याकाळी बंद करताना क्रम कोणता. कागद क्युरेटरनं लिहिलाय. लिहून भिंतीला चिकटवला आणि झालं, असं केलेलं नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती याच माणसाच्या मागे उभी राहिली आणि तोंडातून चकार शब्द न काढता त्याला सगळं एकट्यानं सुरू करू दिलं. तो दोन ठिकाणी अडला. त्या दोन ओळी तिनं तिथल्या तिथं बदलल्या.

माझ्या मते क्युरेटरपणाची खरी परीक्षा हीच. भिंतीवरचं निवेदन कितीही देखणं असो, दुपारी तीन वाजता पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी चौकट झळकली की कलाकृती तिथंच संपते. इंटरनेटची गरज नसेल तर यंत्र जाळ्यापासून तोडून ठेवा. वीज गेली आणि आली तर कलाकृती आपोआप सुरू होईल अशी सोय करा. फाइलची एक प्रत दालनात, एक दुसऱ्या इमारतीत ठेवा.

एनएफटीबद्दल, म्हणजे डिजिटल फाइलच्या मालकीच्या नोंदीबद्दल, थोडंसंच. ११ मार्च २०२१ रोजी डिजिटल कलावंत बीपल यांचं एनएफटी काम क्रिस्टीजच्या लिलावात ६.९३ कोटी डॉलरना गेलं आणि डिजिटल कलेकडे एकाएकी सगळ्यांच्या माना वळल्या. क्युरेटरनं विचारायचा प्रश्न किमतीचा नाही. ही नोंद जिथं होते त्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक नोंदवहीत, बहुतेक वेळा असतो तो कलाकृतीचा पत्ता, फाइल ठेवलेली असते भलतीकडेच. ती जागा बंद पडली तर पत्ता उरतो, चित्र जातं. फाइल कुठं आहे आणि तिची निगा कोण राखतंय, हे आधी विचारा.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. नवखा क्युरेटर अंदाजपत्रक मांडतो तेव्हा प्रोजेक्टरचं भाडं, छपाई, विमा, रंगकाम सगळं येतं आणि कलावंताचं मानधन ‘उरलं तर’ या रकान्यात जाऊन बसतं. याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये २००८ मध्ये कलावंतांनी ‘वेज’ (इंग्रजीत ‘मजुरी’) नावाची संघटना उभी केली. तुमच्या पहिल्या अंदाजपत्रकाची पहिली ओळ कलावंताच्या मानधनाची असू द्या, दुसरी तुमच्या स्वतःच्या. रक्कम लहान असली तरी चालेल, ओळ रिकामी नको.

आणि अर्ज करायचे ते फक्त ‘सहायक क्युरेटर’ या पदासाठी नाही. मांडणी करणारे तंत्रज्ञ, संग्रहाच्या नोंदी ठेवणारे, संवर्धन विभाग, डिजिटल अभिलेख : ही दारं जास्त वेळा उघडतात, आणि कलाकृतीच्या पोटात काय आहे ते तिथं कळतं. अर्जासोबत दालनाचा आराखडा जोडा, यंत्रांची यादी जोडा, भिंतीवरचा मजकूर जोडा. फोटो उद्घाटनाच्या रात्रीचे नकोत, ते सगळेच पाठवतात. प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यातला फोटो पाठवा, प्रत्येक पडदा चालू असलेला, खाली तारीख घालून.